तेस्ताच्चोतील पंगत

परगावी गेलेल्या माणसाने तेथील देवळे पाहावीत, राजवाडे पाहावेत, संग्रहालयांतून पाय दुखेपर्यंत हिंडावे. परंतु त्या गावची सामान्य माणसे संध्याकाळी कोठे बसून आणि कशी जेवतात हे पाहिल्यावाचून परत फिरू नये, असे माझे आता मत झाले आहे. हे मत मुळापासून माझे होते, असे मात्र नव्हे. उभा जन्म शाळेच्या घंटेवर गेलेल्या माणसाच्या लेखी जेवण ही उरकावयाची गोष्ट असते. सकाळी साडेनऊला ताटावर बसावे, दहा मिनिटांत हात धुवावेत आणि स्कूटर सुरू करावी. ‘जेवण उरकले का?’ असाच प्रश्न आमच्या रामबागेतील घरी विचारला जाई, ‘जेवलात का?’ असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात मी रोमला गेलो. मुलगी तेथील सापिएन्झा विद्यापीठात संशोधन करते. पोपने १३०३ साली स्थापिलेले हे विद्यापीठ. त्याच्या वयापुढे आमची शंभर वर्षांची शाळा म्हणजे रांगते बाळ! मुलगी दोन वर्षे बोलावीत होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिची आई गेली, तेव्हा विमाने बंद असल्यामुळे तिला येता आले नव्हते. तेव्हापासून आम्हां बापलेकींचे बोलणे दूरध्वनीवर होई, पण ते प्रकृती, हवा आणि पैसे यांपलीकडे जात नसे. शेवटी उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी शासनाकडून परदेशगमनाची रीतसर परवानगी मिळविली आणि इंदूरहून दिल्ली व दिल्लीहून रोम असा प्रवास करून मी तिच्या दारात उभा राहिलो.

कोलोसियम, पँथिऑन, संत पीटरचे मंदिर हे सारे पाहिले. त्यांची वर्णने वाचकांनी अन्यत्र पुष्कळ वाचली असतील. मला सांगावयाचे आहे ते मुलगी राहते त्या तेस्ताच्चो नावाच्या मोहल्ल्याविषयी आणि तेथे एका गुरुवारी रात्री झालेल्या जेवणाविषयी.

तेस्ताच्चो हा टायबर नदीच्या काठचा, मुळात कामकऱ्यांचा मोहल्ला. १८७१ साली रोम एकीकृत इटलीची राजधानी झाले, शहर वाढू लागले आणि कामगारांच्या वस्तीसाठी येथे सरळ रस्ते आखून चार-पाच मजल्यांच्या चाळवजा इमारती उठविण्यात आल्या. आत चौक, चौकात झाड आणि खिडक्या-खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. आपल्याकडील गिरणगावात गेल्यासारखे वाटावे! मोहल्ल्याला नाव मिळाले ते मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका टेकडीवरून. ही टेकडी मातीची नाही, दगडाचीही नाही. ती खापरांची आहे. प्राचीन रोमला लागणारे ऑलिव्हचे तेल बहुतांशी स्पेनमधून मोठाल्या मातीच्या रांजणांतून जहाजाने येई. रांजणात तेल मुरून ते खवट होई, म्हणून तो पुन्हा वापरता येत नसे. मग रिकामे रांजण फोडून त्यांची खापरे येथे शिस्तीने रचीत आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून वर चुना पसरीत. असे अडीचशे-तीनशे वर्षे चालले. आज ती टेकडी सुमारे पस्तीस मीटर उंच असून तिच्यात पाच कोटींहून अधिक रांजणांचे तुकडे असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कित्येक खापरांवर तेलाचे वजन आणि व्यापाऱ्याचे नाव शाईने लिहिलेले अजून वाचता येते. राजांचे हुकूम दगडावर कोरलेले पुष्कळ पाहिले होते. स्वयंपाकघरातील कचऱ्याने लिहिलेला इतिहास मी प्रथमच पाहिला.

जवळच परदेशी, प्रॉटेस्टंट लोकांचे जुने कबरस्तान आहे. तेथे कीट्स आणि शेली हे दोन्ही इंग्रज कवी विसावले आहेत. केशवसुतांच्या पिढीला ज्या कवींनी नवी दृष्टी दिली, त्यांच्यापैकी दोघांना येथे मातीत पाहून मराठीच्या विद्यार्थ्याचे हात आपोआप जुळतात. कीट्सच्या शिळेवर त्याचे नाव नाही. त्याचीच तशी इच्छा होती.

या मोहल्ल्यात १८९० च्या सुमारास मोठा कत्तलखाना बांधला गेला. तो १९७५ साली बंद झाला. आता त्या इमारतींत कलाप्रदर्शने भरतात आणि वास्तुशास्त्राचे वर्ग चालतात. पण या कत्तलखान्याने रोमच्या खाद्यसंस्कृतीला एक प्रकरण जोडून दिले. जनावराचे चार भाग करून चांगले मांस पैसेवाल्यांकडे जाई. उरे ती शेपूट, आतडी, जठर, काळीज. हे उरलेसुरले कामगारांना मजुरीचा भाग म्हणून मिळे. त्याला तेथे ‘पाचवा चतुर्थांश’ असे नाव आहे. भोवतालच्या खाणावळींतील बायांनी त्या उरल्यासुरल्याचेच असे पदार्थ केले की, आज लांबलांबचे लोक ते मुद्दाम खावयास येतात. मी शाकाहारी, त्यामुळे ही हकीकत मी आदराने, पण थोड्या अंतरावरूनच ऐकली. ‘पाचवा चतुर्थांश’ हा शब्द मात्र मनात राहिला.

मुलीने मला नेले ती खाणावळ तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. तेथे जेवणघरांच्या जुन्या तीन पायऱ्या आहेत. रिस्तोरांते म्हणजे पांढऱ्या शुभ्र टेबलपोसांचे थाटाचे उपाहारगृह. त्रात्तोरिया म्हणजे घरचेच लोक चालवितात ती साधी खाणावळ. ओस्तेरिया हा मूळचा मद्याचा गुत्ता. तेथे पूर्वी लोक घरून फडक्यात बांधलेली भाकरतुकडी घेऊन येत आणि मालकाकडून केवळ मद्य विकत घेत. आता हे भेद पुसट झाले आहेत. आमची ती त्रात्तोरिया होती. आत आठ-दहा टेबले आणि बाहेर पदपथावर, नगरपालिकेला भाडे भरून मांडलेली तितकीच. वर कापडी छत, कडेला कुंड्यांची रांग आणि कुंड्यांपलीकडे लगेच रस्ता.

साडेआठला आम्ही बाहेरच्या टेबलाशी बसलो. मे महिन्यात तेथे सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, म्हणून आकाशात अजून उजेड होता. अर्ध्या तासात सारी टेबले भरली आणि जो गलका सुरू झाला, तो काय वर्णावा! रोमचे लोक हळू बोलत नाहीत. एका टेबलावर चौघे म्हातारे फुटबॉलवरून हमरीतुमरीवर आले होते. त्याला कारणही आहे. रोमचा जो प्रसिद्ध संघ १९२७ साली स्थापन झाला, त्याचे पहिले मोठे मैदान याच मोहल्ल्यात होते. १९२९ ते १९४० पर्यंत तो येथे खेळत असे. दुसऱ्या टेबलावर आजीपासून बाबागाडीतल्या तान्ह्यापर्यंत एक अख्खे कुटुंब होते. टेबलाखाली कुत्रा, टेबलांमधून पळणारी पोरे, आणि वरच्या मजल्यावरील खिडकीतून खालच्या जेवणाऱ्यांशी गप्पा मारणारी एक बाई! मुख्याध्यापकाच्या सवयीने ‘शांत बसा!’ म्हणण्यासाठी माझा हात टेबलावर आपटावयास दोनदा उचलला गेला. मुलगी हसली. म्हणाली, “बाबा, येथे वर्ग कोणाचाच नाही.”

आपल्या पानाला जसा क्रम आहे, तसा त्यांच्या जेवणालाही आहे. आपण डावीकडे मीठ-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आधी वरणभात, मग पोळी आणि शेवटी ताकभात असा क्रम पाळतो. त्यांच्याकडे आधी तोंडीलावणे, मग पास्त्याचा ‘पहिला’ पदार्थ, मग मांसमासळीचा ‘दुसरा’, सोबत भाज्या आणि अखेरीस गोड. कोणी सारे घेतात, कोणी दोनच; पण क्रम मोडीत नाहीत. वारांचे नियमही आहेत. गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासळी, शनिवारी जठराचे कालवण अशी रोमची जुनी वहिवाट. आमचा वार गुरुवार निघाला, हे माझे भाग्य. न्योक्की म्हणजे उकडलेला बटाटा कणकेत मळून केलेले करंगळीच्या पेराएवढे गोळे. चव घेताच मला आपल्या वरणफळांची आठवण झाली. त्यात अंडे नाही ना, हे मुलीने आत जाऊन विचारून घेतले. वर टोमॅटोचा रस्सा आणि तुळशीच्या कुळातील एक सुगंधी पाला. टोमॅटो आणि बटाटा हे दोन्ही अमेरिकेतून आलेले पाहुणे. त्यांच्याही घरी ते नवे आणि आपल्याही.

शाकाहारी प्रवाशांसाठी एक सूचना येथे करून ठेवतो. रोमचे प्रसिद्ध मेंढीच्या दुधाचे चीज, पेकोरिनो, हे दूध साकळविण्यासाठी कोकराच्या जठरातील रस वापरतात. मुलीने मला हे आधीच सांगितले आणि माझ्या ताटावर ते किसू दिले नाही. स्वतःसाठी मात्र तिने ते चीज आणि मिरी एवढ्याच दोन वस्तूंत कालविलेला पास्ता मागविला. “मी येथे हे खाते, बाबा. तुमच्यापासून लपवायचे नाही म्हणून सांगते,” ती म्हणाली. मी मान हालविली. दोन वर्षांपूर्वी कदाचित व्याख्यान दिले असते. तिच्या ताटातील मिरीचा वास माझ्यापर्यंत आला. हा मसाला आपल्या मलबारातून दोन हजार वर्षांपूर्वी रोमला जात असे, आणि त्यासाठी इतके धन हिंदुस्थानात वाहून जाते म्हणून प्लिनी या रोमन ग्रंथकाराने त्रागा करून ठेवला आहे. एवढ्या तक्रारीनंतरही त्यांनी मिरी सोडली नाही, हे त्या ताटावरून दिसतच होते!

तोंडीलावण्यास मे महिन्यातील बाकल्याच्या कोवळ्या शेंगा आल्या. त्या सोलून दाणे कच्चेच खावयाचे. माळव्यात हरभऱ्याची डहाळी सोलीत ओट्यावर गप्पा मारतात, तसेच तेथे चालले होते. पुदिना आणि लसूण भरून तेलात मुरविलेले हातीचोक ही काटेरी फुलाची कळी आणि लसूण-मिरचीवर परतलेली एक कडवट पालेभाजी मी भाकरीसारख्या जाड पावाबरोबर खाल्ली. पोट भरले. घड्याळात पाहिले, तर दीड तास झाला होता. मी उठण्याच्या तयारीने खुर्ची मागे सरकविली.

“बसा ना, बाबा. बिल मागितल्याशिवाय येथे आणीत नाहीत. आणि ‘उठा’ असे कोणी म्हणत नाही.”

मी बसलो. खरे सांगावयाचे तर, करण्यासारखे काही न उरता मुलीसमोर असा मी कधीच बसलो नव्हतो. काय बोलावे ते सुचेना. आम्ही दोघेही रस्ता पाहत राहिलो.

पावणेअकराच्या सुमारास आतली गडबड कमी झाली आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक साठीपलीकडची बाई एप्रनला हात पुसत बाहेर आली. स्वयंपाक तिचा होता. आम्हांला वाढणारा तरुण तिचा मुलगा, असे मुलीने सांगितले. ती कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाशी येऊन बसली. मुलाने तिच्यापुढे टेबलपोस नीट केला, पाव ठेवला, पेल्यात पाणी ओतले आणि आतून वाफाळणारे ताट आणून तिच्यापुढे ठेवले. मग हिशेबाच्या टेबलावरील म्हातारा, तिचा नवरा, उठला आणि आपले ताट घेऊन तिच्यासमोर बसला. त्याने अर्थात त्या वेळेपर्यंत खाल्ले नव्हते. दोघे सावकाश जेवू लागली. ताट संपत आले, तेव्हा बाईने पावाचा तुकडा मोडून त्याने रस्सा पुसून घेतला. तेथे हा सर्रास प्रघात आहे. त्याला ‘छोटा जोडा’ अशा अर्थाचे गमतीदार नावही आहे.

मुलगी तिकडेच पाहत होती. म्हणाली, “आईसुद्धा असेच करायची. फक्त ताटात नाही, पातेल्यात.”

मला अर्थ कळला नाही. मी तसे म्हणालो.

“सगळ्यांची जेवणे झाल्यावर भाजीचे पातेले शेवटच्या पोळीने पुसून घ्यायची. तेवढीच तिची भाजी. कधी तेवढीही नसायची. मग लोणचे, नाही तर दाण्याची चटणी.”

“पण मी विचारीत असे ना,” मी म्हणालो. “भाजी आणखी आहे का, म्हणून.”

“हो. आणि ती म्हणायची, ‘आहे, भरपूर आहे.’”

वाचकहो, माझ्या संसाराला तीस वर्षे झाली होती. त्या तीस वर्षांत पत्नीने मला तव्यावरची पोळी ताटात वाढली नाही, असा दिवस काढून दाखविता येणार नाही. शाळेत मी समतेवर भाषणे केली, निबंधाला विषय दिले, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीस दरवर्षी व्यासपीठावरून बोललो. परंतु माझ्या हातात पाठकोरी वही असती, तर ‘तुमची पत्नी काय जेवत असे?’ या प्रश्नापुढे मला जागा कोरी सोडावी लागली असती. मला ते ठाऊक नव्हते. मी हात धुऊन निघून गेल्यानंतर त्या घरात आणखी एक जेवण होत असे, हे मला माहीत होते; पण त्या जेवणात काय असे, हे मी कधी पाहिले नव्हते. ‘पाचवा चतुर्थांश’ आमच्याही घरी होता.

आठवून पाहू लागलो. आम्ही दोघांनी एका वेळी काही खाल्ले असेल, तर ते सराफ्यात. रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की, त्यांच्याच ओट्यांवर आमच्या इंदूरचा तो खाऊबाजार भरतो. तेथे कधीमधी जाऊन आम्ही भुट्ट्याचा कीस घेत असू. एकच द्रोण, दोन चमचे. तोही उभ्याने, आणि त्यातलाही अर्धा ती मुलांसाठी बांधून घेई. मी हे मुलीला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते. मग तिने मला आईविषयी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला ठाऊक नव्हत्या. मग मी आणखी एक सांगितली. २०२१ नंतर आम्ही दोघे तिच्या आईविषयी बोललो, ते त्या रात्री प्रथमच. शेजारचे म्हातारे फुटबॉल संपवून राजकारणावर आले होते. त्या गलक्यात आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, हे फार बरे झाले. मुलीने डोळे पुसले ते कागदी रुमालाने, आणि तेवढ्यासाठी तिला पदपथावरून उठून कोठे जावे लागले नाही.

बिल बेचाळीस युरोंचे झाले; म्हणजे आपले पावणेचार हजार रुपये. त्यात पावाची निराळी किंमत लावलेली पाहून माझ्या कपाळाला आठी पडली. पण सव्वाअकरा वाजून गेले होते. पावणेतीन तास त्यांच्या खुर्च्या आम्ही अडविल्या होत्या आणि एकदाही कोणी येऊन टेबल पुसण्याचा बहाणा केला नव्हता. निघताना मी त्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंना नमस्कार केला. त्यांना मराठी येत नव्हती आणि मला इटालियन. पण नमस्कार त्यांना समजला असावा. त्यांनी उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. हात पोळी लाटणाऱ्या बाईचे असतात तसेच खरखरीत होते.

तेथील कुटुंबे आपल्यापेक्षा अधिक सुखी आहेत, असा निष्कर्ष मी एका रात्रीवरून काढणार नाही. त्या बाईही दिवसभर चुलीशीच उभ्या होत्या आणि सर्वांत शेवटीच जेवल्या. फरक एवढाच की, त्या खुर्चीवर बसल्या, त्यांना कोणी तरी वाढले आणि त्यांच्यासमोर एक माणूस बसला. या तीन गोष्टींना पैसे पडत नाहीत, आणि त्यांसाठी रोमला जावे लागत नाही. मला जावे लागले.

जूनमध्ये इंदूरला परतलो. आमची सून बँकेत नोकरी करते. सहाला घरी येते आणि आठला तव्यासमोर उभी राहते. सासूची जागा तिने घेतली होती आणि आम्हां बापलेकांना ते इतके स्वाभाविक वाटले होते की, त्यावर घरात कधी शब्द निघाला नव्हता. पहिल्याच रात्री मी म्हणालो, “सर्व पोळ्या आधी करून ठेव आणि तू आमच्याबरोबर बस.”

“गार होतील, बाबा. तुम्हांला गरम लागते.”

“होऊ देत.”

मुलाने माझ्याकडे चमकून पाहिले. मग त्याने उठून तिचे ताट मांडले. पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या; तरी त्या थोड्या गार झाल्याच. गवारीची भाजी मध्ये ठेवून तिघांनी घेतली. मी दुसऱ्यांदा घ्यावयास हात पुढे केला, तेव्हा पातेल्याचा तळ दिसत होता. आजवर ती भाजी दोघांना पुरत असे, ती कशी, हे त्या तळाकडे पाहून मला कळले. मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून बाजारातून येताना मी भाजी पावशेर अधिक आणू लागलो.